घरचं माणूस आजारी आहे आणि आत आहे: सीमाभागातल्या कुटुंबांसाठी, पायरी पायरीने

२०१८ साली आमच्या बहिणीचं लग्न ठरलं. पाहुणे घर बघायला यायचे होते, माडीवरचं कपाट उघडं राहील, कुणाच्या नजरेला पडेल, म्हणून आईने धाकट्या भावाची मिरजेच्या मानसोपचाराची फाईल न्हाणीतल्या बंबात घातली. डॉक्टरच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, तीन वर्षांची औषधांची बिलं, सगळं गेलं. पुढे तीन वर्षांनी, मृगाच्या पेरणीत, त्याच धाकट्याने आमच्या चुलत्यांच्या खांद्यावर कोयता घातला. चुलते वाचले. भाऊ बेळगावच्या हिंडलगा कारागृहात गेला. आणि कोर्टात पहिला प्रश्न आला तो हाच: हा आधीपासून आजारी होता याला कागद काय आहे?

मी वकील नाही, डॉक्टर नाही. उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करतो, गाव खानापूर तालुक्यात. पण गेल्या चार वर्षांत कोर्ट, कारागृह, धारवाड, बंगळूर असं इतक्या वेळा फिरलो की आता ओळखीपाळखीतली माणसं मला फोन करून विचारतात. तेच इथे सलग लिहून ठेवतो. तुमचं प्रकरण वेगळं असेल, त्यामुळे सल्ला तुमच्या वकिलाचाच घ्या. पण वकिलाकडे जाताना काय घेऊन जायचं, तेवढं तरी यातून कळेल.

## १. तीन प्रश्न आहेत, एक नाही

आमचा पहिला वर्षभराचा गोंधळ इथेच झाला. "तो वेडा आहे हे सिद्ध झालं की सुटेल," असं आम्हाला वाटायचं. तसं नसतं. कोर्ट आणि डॉक्टर मिळून तीन निरनिराळे प्रश्न विचारतात आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात.

पहिला प्रश्न मागचा: घटना घडली त्या क्षणी, आपण काय करतोय किंवा हे चूक आहे, बेकायदा आहे, हे त्याला आजारामुळे कळत नव्हतं का? हे जुन्या भारतीय दंड संहितेतलं ८४ कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते २२ झालं. नुसता आजार असून भागत नाही. कोयता हातात असताना मन कुठे होतं, ते दाखवावं लागतं.

दुसरा प्रश्न आजचा: खटला चालू असताना त्याला आपला बचाव करता येतो का? वकिलाशी बोलता येतं का, आरोप काय आहे ते समजतं का? हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२८ आणि ३२९ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६७ आणि ३६८ मध्ये आहे.

तिसरा प्रश्न उद्याचा: बाहेर सोडला तर स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील का? यालाच जोखीम मूल्यमापन म्हणतात, आणि पुनर्वसनाची सगळी गाडी याच रुळावरून जाते.

घटनेच्या वेळी भान नव्हतं पण औषधं घेऊन आज चांगला आहे, असं होऊ शकतं. उलटही होतं. आत गेल्यावर आजार उफाळला, पण घटनेच्या वेळी शुद्धीवर होता. वकिलाशी बोलताना आपण कुठल्या प्रश्नाबद्दल बोलतोय ते आधी ठरवा.

फसगत: घटना जुलै २०२४ च्या आधीची असेल तर कागदांवर जुने आकडे असतील आणि वर्तमानपत्रात, मोबाईलवर नवे. आमच्या फाईलवर जामिनाचं कलम ३३० लिहिलंय आणि मी इंटरनेटवर ३६९ वाचत बसलो होतो. दोन्ही एकच.

## २. पहिले सात दिवस

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तालुक्याला त्यांची समिती असते. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० या नंबरवर फोन करून सुरुवात करता येते. मोफत वकील म्हणजे हलका वकील, हा समज आमच्याकडे फार आहे. आमचा पहिला वकील पैसे घेणारा होता. आजाराचा विषय त्याने सहा महिने काढलाच नाही.

त्याच दिवशी दुसरं काम: तो कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता घेत होता ते एका कागदावर लिहून, असेल तर चिठ्ठी जोडून, कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पोचवा. एक प्रत वकिलामार्फत कोर्टात द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. मानसिक आजार असलेल्या कैद्याला उपचार मिळण्याची तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे, पण आपण सांगितलंच नाही तर डॉक्टरला कळायचं कसं? आम्ही सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. मुलाखतीला गेलो तेव्हा जाळीपलीकडे भाऊ उभा होता, कानात कापडाच्या वाती घातलेल्या, आणि मला खुणेने सांगत होता की हळू बोल, ऐकतात.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: पोलिसांना काय सांगताय ते तोलून सांगा. घटनेच्या रात्री ठाण्यात मला विचारलं, "आधी काही आजार?" बहिणीचं सासर डोळ्यांसमोर आलं आणि मी म्हटलं, "नाही साहेब, चांगला आहे." जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला. पुढे आम्ही आजाराचा अर्ज केला तेव्हा सरकारी वकिलांनी बरोबर त्याच वाक्यावर बोट ठेवलं. कन्नड वाचता येत नसेल तर लिहिलेलं वाचून दाखवायला आणि मराठीत समजावून सांगायला लावा. कोर्टातही, आरोपीला न समजणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला समजणाऱ्या भाषेत सांगायची, असं कायद्यात आहे. मागायला लाजू नका.

(अजून काही घडलेलंच नसेल, पण घरात रोज भीती असेल, तर हे वाचून थांबू नका. आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या माणसाला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे, मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० खाली. कोठडीत नव्हे, दवाखान्यात. आम्हाला हे आधी माहीत असतं तर चुलत्यांचा उजवा हात आज वर उचलला असता.)

## ३. कागद गोळा करणे

हे काम कंटाळवाणं आहे, आणि खटला यावरच उभा राहतो. लागणारे कागद असे:

- जुन्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, केसपेपर
- औषधांची बिलं (मेडिकलवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुनी सापडतात)
- शाळा-कॉलेज सोडल्याचे दाखले, कामावरची हजेरी किंवा काढून टाकल्याचं पत्र
- रेशन कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला
- फिर्याद, पंचनामा आणि दोषारोपपत्र यांच्या नकला
- घरात आणखी कुणाला असा आजार असेल तर त्याचे कागद

फाईल जाळली असेल तरी सगळं संपलं असं नाही. आपल्या उपचारांचे कागद मागायचा हक्क रुग्णाला आहे. भाऊ आत असल्यामुळे त्याच्या सहीचं अधिकारपत्र वकिलामार्फत मिळवलं आणि मिरजेला गेलो. डॉक्टरांच्या जुन्या रजिस्टरात चार नोंदी सापडल्या. चारच, पण तारखांसकट. त्या चार ओळींनी आमच्या खटल्याचं तोंड फिरवलं.

देवरुष्याकडे नेलं होतं, सौंदत्तीला यल्लम्माला नेलं होतं, अंगारे-धुपारे केले होते, तेही लपवू नका. कधी नेलं, कुणी नेलं, कशामुळे नेलं ते सांगा. माणूस आजारी वाटल्याशिवाय कोण नेतं? शेजाऱ्यांना ती तारीख आठवते, कारण त्यांचीच गाडी आपण मागून घेतलेली असते.

सीमाभागाची खास फसगत: महाराष्ट्रातल्या कागदांवर नाव मराठी वळणाचं, इकडच्या रेशन कार्डावर कन्नड वळणाचं, आणि इंग्रजीत दोन्हींची स्पेलिंगं निराळी. त्यात २०१४ च्या नोव्हेंबरात जिल्ह्याचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे जुना पत्ता एक, नवा दुसरा. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. मराठी कागदांचं भाषांतरही करून जोडा. ऐन तारखेला धावपळ केली की पुढची तारीख पडते.

## ४. तपासणी: धारवाड किंवा बंगळूर

वकील अर्ज करतो, कोर्ट तपासणीचा हुकूम काढतं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातले मानसोपचारतज्ज्ञ आधी बघतात. जास्त दिवस नजरेखाली ठेवायचं झालं तर आपल्या भागातून सहसा धारवाडच्या डिमहान्सला (मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात) नेतात, काही प्रकरणं बंगळूरच्या तशाच मोठ्या संस्थेत, निमहान्सला जातात. डॉक्टरांच्या मतावर हरकत असेल तर मेडिकल बोर्डाकडे दाद मागता येते.

एक व्यवहाराची गोष्ट. हुकूम झाला म्हणजे माणूस दवाखान्यात पोचला असं नाही. हुकुमाची प्रत कारागृहात पोचली का, पोलीस गार्डाची सोय झाली का, हे तारखेच्या दोन दिवस आधी वकिलाकडून विचारून घ्या.

तिथे एकटा डॉक्टर नसतो. मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि वॉर्डातल्या नर्स, सगळ्यांच्या नोंदी एकत्र येतात. "नाटक करतोय का?" हा प्रश्न त्यांच्याही डोक्यात असतो आणि त्यात गैर काही नाही. तासाभराच्या मुलाखतीत नाटक जमतं. रात्री तीन वाजता, नर्स बघतेय हे माहीत नसताना, जमत नाही. म्हणून अॅडमिट करून घेतात.

भाऊ एकच वाक्य धरून बसला होता: "चुलत्याने माझ्यावर करणी केली." दुभाष्याने ते कन्नडमध्ये सांगितलं. सोशल वर्कर बाई हुशार होत्या. त्यांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "तुमच्या गावात बाकीचेही करणी मानतात ना? मग याचं वेगळं काय?" मी गप्प. खरंच, आमची आजीसुद्धा मानायची. मग मला विहिरीवरची मोटर आठवली. मोटर सुरू झाली की तिच्या घरघरीतून चुलत्यांचा आवाज येतो, आज रात्री तुला संपवणार म्हणतो, असं तो सांगायचा. लाईट गेली की आवाज बंद. म्हणून तो डीपीचा फ्यूज काढायला जायचा, दोनदा शॉक खाल्ला होता. बाईंनी हे शब्दन् शब्द लिहून घेतलं. गावाची समजूत कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, ते त्या मोटरीमुळे कळलं.

तेव्हा रुग्णाचे शब्द जसेच्या तसे मराठीत लिहून न्या. "विचित्र बोलतो", "भ्रमिष्टासारखं करतो" याचा काही उपयोग नाही. काय म्हणाला, कुणाला म्हणाला, कधी म्हणाला, ते हवं. आणि तपासणाऱ्याला मराठी समजतं का, हे पहिल्याच दिवशी विचारा. धारवाडकडे मराठी समजणारं कुणीतरी बहुधा सापडतं, बंगळूरला आधी सांगावं लागतं.

घटनेच्या वेळच्या मनःस्थितीबद्दलही याच टप्प्यावर विचारतात. २००२ साली सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या आरोपातून याच कारणाने सोडलं होतं. तिथे कोर्टाने काय पाहिलं? आजाराचा आधीचा इतिहास, वडिलांनाही तसा आजार, घटनेनंतर लगेच वारंवार घ्यावे लागलेले उपचार, खुनाला धड कारण नसणं, आणि दिवसाढवळ्या घडूनही लपायचा-पळायचा प्रयत्न न करणं. म्हणजे पुरावा घटनेच्या आधीचा, त्या वेळचा आणि नंतरचा, तिन्ही बाजूंनी जमवायचा असतो. तो आणायची जबाबदारी आरोपीच्या बाजूची. पण सरकारी पक्षाला जितका पक्का पुरावा द्यावा लागतो तितका पक्का आपल्याला लागत नाही. दिवाणी दाव्यासारखं, पारडं आपल्याकडे झुकलं तरी पुरतं, हे सुप्रीम कोर्टाने १९६४ सालीच सांगून ठेवलंय.

## ५. जोखीम मूल्यमापन: इथे खोटं बोलू नका

मला वाटायचं, डॉक्टर एखादी टेस्ट करून शिक्का मारतील, धोकादायक किंवा नाही. असा शिक्का नसतो. पूर्वी डॉक्टर आपल्या अंदाजाने सांगायचे. मग निव्वळ गुणांची बेरीज करणारे तक्ते आले. आता बहुतेक जगात मधला रस्ता चालतो: ठरलेले मुद्दे एकेक करून बघायचे आणि शेवटचा निर्णय तज्ज्ञाने विचार करून द्यायचा. त्यातला सगळ्यात माहितीतला तक्ता म्हणजे एचसीआर-२०. १९९५ साली कॅनडात तयार झाला, २०१३ मध्ये तिसरी आवृत्ती आली. वीस मुद्दे: दहा मागच्या आयुष्याचे, पाच सध्याच्या तब्येतीचे, पाच पुढच्या परिस्थितीचे. प्रत्येक ठिकाणी हाच तक्ता भरतात असं नाही, पण तुम्हाला येणारे प्रश्न याच चौकटीतले असतात.

मागचे दहा बदलत नाहीत. आधी मारामारी केली होती का, किती लहानपणी सुरू झाली, दारू, कामधंदा टिकला का, आधीच्या उपचारांना साथ दिली का. सध्याच्या पाचांतले काही: आपण आजारी आहोत हे त्याला पटलंय का, आवाज ऐकू येतात का, मनात सूड आहे का, उपचारांना साथ देतो का. पुढच्या पाचांतले काही: राहणार कुठे, सोबत कोण, उपचार कुठे, ताण आला तर काय. आता नीट बघा. शेवटचे पाच त्याच्या हातात नाहीतच. ते तुमच्या हातात आहेत. घरच्यांनी कुठे ठेवायचं, कोण लक्ष ठेवणार, दवाखाना किती लांब, हे ठरवून आणलं तर मूल्यमापन बदलतं.

घरचे इथे एकच चूक करतात. "आमचा पोरगा मुंगीलासुद्धा मारत नाही हो." आईने हेच सांगितलं. आणि फाईलमध्ये चुलत्यांच्या खांद्याचा एक्स-रे लावलेला होता. आईचा पुढचा कुठलाच शब्द मग कुणी मनावर घेतला नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने मलाही पाटा फेकून मारला होता, जत्रेच्या दिवसांत दारू प्यायचा, गोळ्या गादीखाली लपवायचा. हे मी दुसऱ्या दिवशी एकटा जाऊन सांगितलं. सांगताना वाटलं, भावाला मीच आत अडकवतोय. झालं उलटं. डॉक्टरांना आकार दिसला: तो वाटेल त्याच्यावर धावून जात नाही. औषध बंद होतं, त्यात दारू, त्यात झोप नाही, आणि समोर तोच एक माणूस. हे चार एकत्र आले तर धोका मोठा. त्यातले तीन काढले तर धोका खूप खाली येतो. रिपोर्टमध्ये तसंच आलं, आणि त्याच रिपोर्टवर पुढे जामीन झाला.

मानसिक आजार असलेली बहुतांश माणसं कधीच कुणावर हात उचलत नाहीत. उचलला तर बहुतेक वेळा घरच्या, ओळखीच्या माणसावर. म्हणून "धोका कुणाला?" याचं उत्तर रस्त्यावरचे लोक असं नसतं. आपणच असतो.

तुम्हीही घरी बसून एक यादी करा: बिघडायच्या आधी काय काय दिसतं? आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी झोप उडते. मग मोबाईल टॉवेलात गुंडाळून ठेवतो. मग चुलतीच्या हातचं पाणी घेत नाही. तिसरी पायरी यायच्या आत दवाखाना गाठायचा. ही यादी डॉक्टरांच्या हातात द्या, त्यांना ती कुठल्याच टेस्टमध्ये मिळत नाही.

## ६. जामीन: सही करताना वाचा

बचाव करता येण्यासारखी तब्येत नाही असं ठरलं, दवाखान्यात अॅडमिट ठेवायची गरज नाही, आणि नातेवाईक किंवा मित्र दोन गोष्टी लिहून देत असेल (जवळच्या ठिकाणी नियमित मानसोपचार करीन, आणि स्वतःला वा दुसऱ्याला इजा करू देणार नाही), तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन देता येतो. नवीन कलम ३६९. नाहीतर उपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवतात.

जामीनदाराच्या जमिनीचा उतारा, आधार, फोटो लागतात. उताऱ्यावर सगळ्या भावकीची नावं असतील तर आधीच बघा. आमचा उतारा चुलत्यांच्या नावासकट होता! ज्यांच्यावर कोयता घातला त्यांच्याच जमिनीवर जामीन कसा मागायचा? शेवटी फौंड्रीतला एक मित्र उभा राहिला.

आणि ती लिहून दिलेली हमी हा नुसता कागद नाही. रोज संध्याकाळी कोण बघणार? तुम्ही कामाला गेलात तर? आम्ही भावाला गावी नेलाच नाही. वाडा एक, विहीर एक, तीच मोटर. बेळगावात अनगोळला खोली घेतली, आई त्याच्याबरोबर. महिन्याचं भाडं अंगावर आलं, पण गावी नेला असता तर डॉक्टरांनी सांगितलेल्या चारांपैकी एक पहिल्याच दिवशी समोर उभा होता.

दोन फसगती. एक: जामिनात जिल्हा किंवा राज्य सोडायचं नाही अशी अट असते, आणि आपला डॉक्टर मिरजेला नाहीतर कोल्हापूरला असतो. कोगनोळीचा नाका ओलांडला की दुसरं राज्य. कोर्टाची परवानगी आधी घ्या किंवा डॉक्टर इकडचा करा. दोन: जामीन म्हणजे सुटका नव्हे. तब्येत सुधारली की खटला पुन्हा सुरू होतो. बरा झाला म्हणून कोर्टात बोलावलं, यात दगा कुणी केलेला नसतो.

## ७. घरी आल्यावरची वर्षं

गोळी लपवणाऱ्यासाठी दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची सुई असते. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला, आमचं अर्धं भांडण तिने मिटवलं. क्लोझापाइन ही गोळी चालू असेल तर सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, ते चुकवू नका. तो विडी ओढत असेल आणि अचानक सोडली, तर तेच औषध अंगात जास्त चढू शकतं. विडी सोडली हे डॉक्टरला सांगा. ही गोष्ट कुणाला सुचतच नाही.

औषधासाठी प्रत्येक वेळी धारवाड गाठायची गरज नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यांत औषधं मिळतात. कर्नाटकात मनोचैतन्य म्हणून तालुका दवाखान्यांत मंगळवारचा मानसोपचाराचा दिवस आहे. आपल्या तालुक्याला तो चालू आहे का, आधी फोन करून बघा. टेलि-मानस १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी मदत नंबर रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

काम द्या, पण बघून. मी उत्साहात वडगावच्या एका मागावर लावून दिला. मागांचा खडखडाट दिवसभर. आठवड्यात झोप उडाली. मग लक्षात आलं, मोटरीच्या आवाजातून बोलणं ऐकणाऱ्या माणसाला मी मागावर बसवलं होतं. आता तो एका रोपवाटिकेत पिशव्या भरतो. पगार निम्मा आहे, झोप पुरी आहे.

घरात विळा, कोयता, कीटकनाशक कुलपात ठेवा. आणि टोमणे बंद करा. "तुझ्यामुळे आमची अब्रू गेली" हे रोज ऐकणारा माणूस लवकर पुन्हा बिघडतो, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलं. मला ते गोळीपेक्षा अवघड गेलं.

अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढा. मानसिक आजारासाठी चार बाबी बघतात: स्वतःची निगा, लोकांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर सवलती मिळतात.

पाठपुराव्याच्या तारखांना नुसते "बरा आहे" म्हणून परत येऊ नका. आईला लिहिता येत नाही. त्याने गोळी घेतली की ती कॅलेंडरच्या त्या चौकोनात कुंकवाचं बोट लावते. एकदा ते कॅलेंडरच गुंडाळून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पानं उलटली आणि तीन कोऱ्या चौकोनांवर बोट ठेवलं. "इथे काय झालं?" मामाच्या गावची जत्रा होती, गोळ्यांची पिशवी घरी राहिली होती. आईने सांगून टाकलं. त्यांनी हसून फोटो काढला आणि कोर्टाच्या रिपोर्टात लिहिलं की कुटुंबाची देखरेख विश्वासार्ह आहे. कोऱ्या चौकोनांसकट.

## ८. निकालानंतर

आमचा निकाल अजून यायचाय, त्यामुळे हे वकिलांकडून समजून घेतलेलं. आजाराच्या कारणाने निर्दोष ठरलं तरी त्याच संध्याकाळी माणूस घरी येतोच असं नाही. कृत्य त्याने केलं होतं असं कोर्टाने नोंदवलं, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ खाली सुरक्षित ताब्यात ठेवायचं की नातेवाइकाकडे सोपवायचं, ते ठरतं. नातेवाइकाला अर्ज करावा लागतो आणि सांभाळीन, इजा होऊ देणार नाही, सांगाल तेव्हा तपासणीला हजर करीन, असा जामीन द्यावा लागतो. पुढे सोडायला धोका नाही असा दाखला मिळाला तर सुटका होते. म्हणजे पुन्हा पाचव्या पायरीचेच प्रश्न.

अर्ज कुणी केलाच नाही तर? आसामात १९५१ साली पकडलेला एक माणूस खटला न चालताच २००५ मध्ये सुटला. ५४ वर्षं. दवाखान्यात त्याची तब्येत केव्हाच सुधारली होती, पण त्याच्याबद्दल विचारायला कुणी आलं नव्हतं. तेव्हा दर सहा महिन्यांनी वकिलाकडून लेखी विचारणा करा.

## ९. वहीचं पहिलं पान

दोनशे पानी वही घ्या, सुटे कागद नकोत. तारीख घालून रोज दोन ओळी लिहा. आमच्या वहीचं पहिलं पान असं आहे, हवं तर उतरवून घ्या:

- नाव (रेशन कार्डावर आहे तसं, आणि जुन्या फाईलवर आहे तसं)
- आजाराचं नाव, डॉक्टरांच्या शब्दांत
- औषधं, मिलिग्रॅम, वेळ. कोणतं औषध सोसलं नाही
- बिघडायची खूण: झोप, टॉवेल, पाणी
- रात्री कुणाला फोन करायचा: मी, शेजारचे, १४४१६, फारच झालं तर ११२
- केस नंबर, कोर्ट, वकील
- पुढची कोर्टाची तारीख
- पुढची सुई

शेवटच्या दोन ओळी पेन्सिलीने लिहा, त्या सारख्या खोडाव्या लागतात.